रेडिएटरची मलमपट्टी

बालिकची,
१७ जानेवारी

माझ्या नुरिला,

बापाचा आशीर्वाद. तुम्ही सगळे सुखरूप असाल. तिकडे सायबेरियात थंडी आणखी वाईट, पोरांचे कान झाकत जा. जावयाचा खोकला गेला का? इथे सरोवरावरून वारा नुसता चावतो आहे. आम्ही बरे आहोत.

फोनवर तू विचारतेस आणि मी ‘बरं आहे’ म्हणून मोकळा होतो. कागदावर तेवढ्यावर भागत नाही, म्हणून लिहितो.

आईच्या खोलीतला रेडिएटर गळायला लागला होता. बारीक भोक, गंजाचं. तू म्हणशील, दुरुस्तीवाल्याला का नाही बोलावलं? अगं, तो आला की तळघरातून अख्खा उभा पाइप बंद करतो. खालपासून वरपर्यंत सगळ्यांच्या खोल्या गार. लोक शिव्या देतील, आईला थंडी बाधेल. शिवाय माणूस घरात येणार, इकडेतिकडे बघणार. मी भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला, वरून आईची, ती नर्स होती तेव्हाची, दवाखान्यातली पट्टी गुंडाळली आणि घट्ट आवळली. खाली परात. गळती पुष्कळ कमी झाली होती, खोटं नाही सांगत.

मंगळवारी मी पावाला गेलो. बाहेरून कुलूप लावून. हल्ली लावावं लागतं.

परत आलो तर खालच्या मजल्यावरची लिदिया दारात उभी. “सेयित, माझ्या पलंगावर काळं पाणी पडतंय! उघडा दार!” मी म्हणालो, बुरुल झोपली आहे, मी बघतो, तुम्ही जा. एवढ्यात आतून तुझ्या आईचं रडणं ऐकू आलं. मग काय करणार, उघडलं.

वाफच वाफ. आई ओल्या जमिनीवर, हातात कात्री. तिने पट्टी कापली होती. मला म्हणाली, “पोराला केवढा ताप आहे, आणि पट्टी कुणी बदलली नाही!”

नुरिला, तिचा उजवा हात भाजला आहे. मनगटापर्यंत. फोड बसताहेत, डॉक्टर येऊन गेले, काळजी करू नकोस.

लिदिया भांडायलाच आली होती. तिने आधी तुझ्या आईला उचललं, गार पाण्याखाली हात धरला. मग मला विचारलं, “कधीपासून?”

“गळतंय होय? झाला आठवडा.”

“रेडिएटर गेला चुलीत! बुरुलचं विचारतेय मी.”

पावाची पिशवी माझ्या हातात तशीच होती.

ती हाताला कापड गुंडाळू लागली, तशी आई तिच्यावर डाफरली, “सैल बांध गं, बोटं काळी पडतील!” एवढं तिला बरोबर कळलं. लिदियाने तोंड फिरवलं.

शेवटी दुरुस्तीवाल्या जेंगिशने येऊन पाइप बंद केला. जिन्यात ओरडाआरडा झाला, मग लिदिया बाहेर जाऊन त्यांना काय म्हणाली कोण जाणे, वरच्या मजल्यावरच्यांची सून गरम सूप घेऊन आली. जेंगिश म्हणाला, “सेयित आके, पट्टी झकास होती. या रेडिएटरला दवाखान्यातच भरती करायचं होतं.” नवीन रेडिएटर बसेपर्यंत आम्ही स्वयंपाकघरात झोपतो. तिथला पाइप वेगळा आहे, ऊब आहे.

आता सगळ्या इमारतीला माहीत झालं. तुलाच कसं लपवू? मला वाटायचं, कुणी पाहिलं नाही तर उन्हाळ्यापर्यंत ती सुधारेल. मी झोपत नाही गं. कात्र्या, सुऱ्या उचलून ठेवल्या, तरी वाटतं काहीतरी राहिलंच.

काल चहा देताना तिने मला विचारलं, “तुम्ही कोणाकडचे?”

मी म्हणालो, “नुरिलाचा बाप.”

ती हसली, सरकून जागा केली. म्हणाली, “मग बसा की.”

तुझं नाव तिच्याजवळ अजून आहे. तोवर ये.

तुझ्याच ओळखीवर या घरात बसलेला,
नुरिलाचा बाप