अंतिम सामन्याला बाकावर

सर, यंदा आपल्या कॉलेजचा मुलींचा कबड्डी संघ विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. सव्वीस वर्षांनी. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली, कारण मैदानावर तुमच्या जागी आता मी उभी असते. मुली समोर मला मॅडम म्हणतात आणि पाठीमागे फौजदार. आम्हीही तुम्हाला हेच म्हणायचो.

सुरुवात काही धड नव्हती. पहिल्या दिवशी नऊ मुली आल्या, आठवड्यात सहाच उरल्या. सातवी मला ग्रंथालयाच्या जिन्यावर सापडली, तीन-तीन पायऱ्या एकदम उतरताना. पालीच्या पुढच्या एका गावातून रोज एसटीने येणारी, शेवटच्या वर्षाची मुलगी. वडील मुंबईत कामाला, आई आंब्याच्या बागेत मजुरीला. कबड्डी खेळतेस का विचारलं तर म्हणाली, "गावात मुलग्यांबरोबर खेळायची, मॅडम. मग मोठी झाले म्हणून बंद केलं." पहिला सामना आम्ही वाईट हरलो. तांबड्या मातीत सराव केलेल्या आमच्या मुली मॅटवर नुसत्या घसरत होत्या. मग हळूहळू पाय रुजले आणि ही मुलगी चढाईला गेली की समोरच्या सातही जणी मागे सरकायला लागल्या. उपांत्य सामन्यात शेवटच्या चढाईत तिने दोघींना बाद केलं आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. मध्यरेषेवर हात टेकवताना तिचा गुडघा मात्र मुरगळला. दुसऱ्या दिवशी, अंतिम सामन्याच्या सकाळी, तो नारळाएवढा सुजला होता. डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि म्हणाले, आज खेळली तर पुढे कदाचित कधीच खेळता येणार नाही.

विद्यापीठाच्या संघाची निवड करणारे त्याच दुपारी सामना बघायला येणार होते. तिची आईही आयुष्यात पहिल्यांदा मुलीचा खेळ बघायला, बागेतला खाडा करून आली होती. मी आधी आईला बाजूला घेऊन सांगितलं. ती पदराचं टोक चाळवू लागली. "डॉक्टर नको म्हनतो तर नको," ती म्हणाली. "पन तिला तुमीच सांगा. माज्यानं नाय सांगवनार." मी सांगितलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, शेवटची पाच मिनिटं तरी. पट्टी घट्ट बांधते." मी नाही म्हटलं. "मग आपण हरू, मॅडम."

सर, सव्वीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मी तुमच्यापुढे बोलले होते. माझा गुडघा धड होता, दोष माझा होता. अंतिम सामन्याच्या सकाळी सरावात एका नवख्या मुलीच्या हातून पकड सुटली, आणि कर्णधार म्हणून मी तिच्या कानाखाली वाजवली. तुम्ही लांबून बघत होतात. जवळ आलात, आवाजसुद्धा चढवला नाहीत. "आज तू खेळणार नाहीस." मी म्हटलं, "सर, मग आपण हरू." तुम्ही म्हणालात, "हरू." आणि खरंच तीन गुणांनी हरलो. निवड करणारे त्या दिवशीही आले होते. माझं नाव त्यांच्या यादीत आलं नाही ते नाहीच.

संध्याकाळी तुम्ही सगळ्या संघाला घरी नेलंत. काकू स्वयंपाकघरात घावन घालतायत, मुली तव्याभोवती बसून खातायत, हरल्याचं विसरून हसतायत. मी बाहेर पायरीवर. तुम्ही एक ताटली आणून माझ्याजवळ ठेवलीत, क्षणभर उभे राहिलात आणि आत गेलात. मी घावनाला हात लावला नाही. त्यानंतर तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुम्हाला काहीच वाटलं नाही अशी माझी खात्री होती, कारण सामनाभर तुम्ही गळ्यातला पंचा काढून त्याच्या घड्या घालत होतात, उलगडत होतात, पुन्हा घालत होतात. मला वाटलं, कंटाळलेत. यंदा मी बाकावर तिच्या शेजारी बसले आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण सामनाभर उघडबंद करत राहिले. तेव्हा कुठे त्या पंच्याचा अर्थ लागला.

आम्ही हरलो. सहा जणी आणि मागाहून संघात आलेली एक बदली खेळाडू जीव तोडून खेळल्या, पण चढाईला दमच उरला नाही. निवड करणाऱ्यांनी उपांत्य सामन्याचं ऐकून हिचं नाव विचारून घेतलं, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. तिचं तर हे शेवटचं वर्ष. परतताना हातखंब्याला गाडी चहाला थांबली, सगळ्या उतरल्या, ती उतरली नाही. मी चहा नेऊन दिला. तिने घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. नंतर आठवडाभर मैदानाकडे फिरकली नाही.

आठव्या दिवशी आली. लंगडत. मी जाळीच्या पिशवीत बूट भरत होते. समोर उभी राहून तिने सरळ विचारलं, "मॅडम, मला बसवताना तुम्हाला वाईट वाटलं?" मी म्हटलं, "खूप." ती म्हणाली, "मग तसं बोलायचं तरी." एवढं बोलून रडली. मग माझ्या हातातून पिशवी घेऊन बूट भरायला लागली. पुढच्या वर्षी एम.ए.ला इथेच नाव घालणार आहे. गुडघा बरा झाला तर खेळेन, नाहीतर नव्या मुलींना शिकवेन म्हणते.

तिला हे विचारायला आठ दिवस लागले. मला तुमच्या हयातीतली पंधरा वर्षं पुरली नाहीत. त्यातली शेवटची सहा वर्षं तर मी ह्याच कॉलेजात नोकरीला होते आणि तुमचं घर चालत दहा मिनिटांवर होतं. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा काकूंचा निरोप आला होता, की सर तुझी आठवण काढतात, एकदा येऊन जा. मी कळवलं, परीक्षा चालू आहेत, संपल्या की येते.

परीक्षा नव्हत्या, सर. कॉलेजला सुट्टी होती.