फुप्फुसाचे दोन तुकडे

१२ मे, सोमवार

डॉक्टर केवढा वेळ बोलले! अक्षयानं मराठीत सांगितलं ते मात्र दोन वाक्यांत संपलं. "फुप्फुसं कडक होतायत, आई. पल्मोनरी फायब्रोसिस म्हणतात. औषधानं वेग कमी होतो." — बास? मी भाजी, कचरा, स्टेशन एवढ्यापुरतंच जपानी शिकले. लेक इथेच वाढली, म्हणून आज तिच्या तोंडून ऐकायचं. सांगताना ती जमिनीकडे बघत होती.

१४ मे

जगदीश ऑफिसला गेल्यावर, नवऱ्याच्या नकळत, नेटवर शोधलं. शोधायला नको होतं! माणूस किती दिवस काढेल ते कशावरून ठरतं — वय, छातीत मावणारी हवा, रक्तात उतरणारा ऑक्सिजन, चालल्यावर तो किती घसरतो, वजन घटतंय का, एकाएकी बिघडून अ‍ॅडमिट व्हावं लागलं का. बाई असणं चांगलं म्हणे. जन्मात पहिल्यांदा फायदा! साठीच्या आत आहे, तेही बरं. बाकीचं बहुतेक विरुद्धच. वजनकाट्यावर चढायचं धाडस नाही झालं.

३ जून

चालण्याची चाचणी. कॉरिडॉरमध्ये नुसत्या येरझाऱ्या, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. नर्स म्हणत होती, "युक्कुरी, युक्कुरी" — सावकाश. मग एकदम हात धरून खुर्चीत बसवलं. मला तर फारसं काही वाटत नव्हतं! "आकडा फार खाली गेला," अक्षया म्हणाली. स्वतःच्या शरीराचा भरवसा उरला नाही.

४ जून

खूप भीती वाटते. घरात हसते.

२२ जुलै

अ‍ॅडमिट. साध्या तापानं सुरू झालं आणि दोन जिने चढल्यासारखी धाप, तीही पडल्या पडल्या. नाकात नळी. यादीतलं तेवढं एक व्हायचं राहिलं होतं, तेही झालं.

५ ऑगस्ट

नवे डॉक्टर आले, प्रत्यारोपणाचे. मृत दात्याची वाट बघायला वेळ नाही. पण घरातल्या दोघांनी फुप्फुसाचा एकेक तुकडा दिला तर जमू शकतं. अक्षया सांगताना मध्येच थांबली. जगदीश म्हणाला, "पहिला माझा." ती म्हणाली, "दुसरा कोणाचा, ते विचारूच नका."

६ ऑगस्ट

भांडलो. मी — भांडायला श्वास नाही, तरी! "तुला जन्मभर थोडी धाप लागेल."

"लागू दे ना."

"लग्न, मुलं—"

"आई, उरुसाई!" गप्प बस, म्हणजे. मग रडली. जगदीश म्हणाला, "तिचं तिला ठरवू दे."

मी हो म्हणून मान हलवली. आणि आतून सुटल्यासारखं वाटलं. जगायचंय मला! पोरीचं फुप्फुस कापून घेऊन का होईना, जगायचंय. शी!

११ सप्टेंबर

जगदीशच्या तपासण्या उत्तम. आज अक्षयाचा सीटी स्कॅन झाला. येताना माझ्यासाठी कोन्बिनीतून, कोपऱ्यावरच्या दुकानातून, पुडिंग आणलं. दोन चमचे खाल्लं. ऑपरेशननंतर उरायासुच्या समुद्राकडे जायचं म्हणते.

१६ सप्टेंबर

डॉक्टरांनी अक्षयाला आणि जगदीशला बाहेर बोलावलं. ती एकटीच आत आली, पलंगावर बसली, माझा हात घेतला.

"सॉरी, आई. मला देता येणार नाही. माझ्यातही सुरू झालंय."

पंचवीस वर्षांची आहे. आणि माफी माझी मागत होती.