सहावा बार

१० एप्रिल १९७३, मंगळवार. ईट.
दुष्काळी कामाची विहीर. पस्तीस फूट खाली गेलो, नुसता काळा पाषाण. आज सहा भोकांत सुरुंग भरले, सहा बत्त्या पेटवल्या, दोरावरून वर आलो. बार मोजायचं काम माझंच. पण पहिला उडाला तसा बाबू आठवला. माझ्या जोडीचा. न उडालेला बार उकरताना गेल्या साली गेला. डोळे मिटून 'आई भवानी, आई भवानी' सुरू केलं. डोळे उघडले तर नुसता धूर, आणि आकडा डोक्यात नाही.
पाच उडाले की सहा?
पंधरा वर्षं हेच काम करतोय. हसावं का रडावं.

११ एप्रिल
गंगूबाई, डबर वाहणारी, म्हणते, "पाचच झाले. म्या बोटावर मोजले." मुकादम म्हणतो, "सहा झाले की. दोन एकदम उडाले. उतरा खाली." तुम्हीच उतरा म्हटलं, तर खिशात बिडी शोधायला लागला.
सहा झाले म्हणून मोकळा झालो असतो. पण मग बाया डबर भरायला उतरल्या असत्या. आकडा चुकला म्हणून सांगून टाकलं. काम बंद, सगळ्यांची मजुरी बंद. माझ्याशी कुणी बोलत नाही, भाकरी खायलाही सगळे लांब बसले.
सुमन लेकरं घेऊन माकणीला, माहेरी. तिला पत्र लिहायला घेतलं. 'इकडे सर्व खुशाल' एवढंच झालं, पुढं

१२ एप्रिल
असा बार उकरायचा नसतो. पाणी ओतून भिजवायचा, मग हळूहळू धुऊन काढायचा. दोन घागरी तरी पाहिजेत. आणि टँकर तीन दिवसांनी! पाणी मागितलं तर सगळे खाली बघायला लागले. राग आला. मग वाटलं, माझी लेकरं इथं असती तर मी तरी दिलं असतं का?
मारुतीच्या पारावर एकटाच बसलो दुपारभर. भीती वाटते. लिहायला कसली लाज, ही वही कोण वाचतंय. भवानीला म्हटलं, एवढी भीती काढ. नाही काढली.
दिवस कलताना गंगूबाई घागर घेऊन आली. "धरा. सुनंला सांगू नगा."
"आणि दुसरी?"
"ती भवानी बघंल. समदं मीच बघू व्हय?"
किती दिवसांनी हसलो.

१३ एप्रिल, सकाळ
विहिरीच्या काठाला दुसरी घागर, भरलेली. कुणाची, कुणी बोलत नाही. खालची चुंबळ मात्र मुकादमाच्या पंच्याची आहे.
भीती आहे तशीच आहे. पण पाय काठापर्यंत आले, हे माझ्या एकट्याचं काम नव्हे.
आई, खाली तुझं नाव घेणार नाही. मंगळवारी घेतलं आणि आकडा हरवला. तिथं डोळे उघडे पाहिजेत. तेवढा वेळ तूच माझं नाव घेत राहा.
वही गंगूबाईपाशी ठेवतो. दोर बांधून झालाय.