नाताळचा चित्रपट मी समजावून सांगतो

९ डिसेंबर, सकाळी ७
रविवारी, २१ तारखेस, चर्चच्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी नाताळचा इंग्रजी चित्रपट. संवाद मराठीत सांगणारा मनुष्य हवा, असे युवक मंडळाचा एरॉल म्हणाला. मी हात वर केला. मुंबईच्या टॉकीजमध्ये एकतीस वर्षे डोअरकीपर होतो. चौथी पास हा निव्वळ कागदोपत्री तपशील आहे.
घरीही दर नाताळात टीव्हीवरील इंग्रजी चित्रपट मीच पत्नी मेरीस समजावतो. वर्षभर माझे एकही म्हणणे न ऐकणारी ही स्त्री ते दोन तास मात्र ऐकते.

१२ डिसेंबर
वॉल्टर भेटला. बँकेत होता, म्हणून इंग्रजीचा गर्व. काय रे डोअरकीपर, बॅटरी पण आणणार का, म्हणाला. चुकलास की माईक माझा, आणि मेरीवहिनींना पण कळू दे, एवढी वर्षं काय ऐकलं ते.

१५ डिसेंबर
अंकल, पेनड्राइव्ह देतो, पिच्चर आधी बघून घ्या, असे एरॉलने सुचवले. नाकारले. तयारी करणे म्हणजे येत नसल्याची कबुली.
संकल्प: रोज एक तास इंग्रजी बातम्या.

१६ डिसेंबर
निवेदकाचे उच्चार सदोष आहेत. संकल्प रद्द.

१८ डिसेंबर
एक बाब नमूद करतो. शेवटच्या दहा मिनिटांत दरवाजे उघडण्यासाठी डोअरकीपरला बाहेर यावे लागे. सबब चित्रपटांचे शेवट मी स्वतः योजतो. सर्वांचा समेट होतो व सर्व चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जातात. मूळ शेवट याहून चांगले असतील असे वाटत नाही.


२० डिसेंबर
मेरीने नवी साडी काढली. पुढच्या रांगेत बसते, नीट ऐकायला येईल, म्हणाली. मागे हवा चांगली येते, असे मी दोनदा सुचवले. ऐकले नाही.

२१ डिसेंबर, सायंकाळी ७.३०
अभूतपूर्व यश. डोअरकीपरच्या शिस्तीप्रमाणे पाठ पडद्याकडे, तोंड प्रेक्षकांकडे. अधूनमधून मान वळवून पाहणे पुरेसे होते. बर्फातले गाव, एक जोडपे, काळी बॅग घेतलेला गृहस्थ. हा विमा एजंट असून जेवायला थांबू का असे विचारतो आहे, असे मी सांगितले. हॉल हसला. अखेरीस सर्वांना मिस्सेला धाडले तेव्हा तर टाळ्या. वॉल्टरने डोळे पुसत हात मिळवला. माईक मागितला नाही.
मेरी तेवढी हसली नाही.

२२ डिसेंबर
नात जीनाकडून माहिती: कमी ऐकू येणाऱ्यांसाठी एरॉलने पडद्याच्या तळाशी मराठी अक्षरे लावली होती. काळ्या बॅगेचा गृहस्थ डॉक्टर होता. नवरा वाचणार नाही, असे तो सांगत होता. मी जिला मिस्सा म्हटले, ते त्या नवऱ्याचे दफन. आजोबा, लोक तुम्हाला हसत होते, असेही ती म्हणाली. लहान आहे.
ती अक्षरे मशीनने काढलेली. विश्वास ठेवण्याजोगी नाहीत.
मेरी सातवीपर्यंत शिकलेली आहे.

२३ डिसेंबर, दुपारी
नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरताना मेरीने विचारले. आपला पोरगा दुबईला गेला त्या वर्षीचा पिच्चर, त्यातला बोटीवरचा मुलगा खरंच घरी आला होता ना. आला होता, असे मी सांगितले. बरं, म्हणाली, आणि पुढची नेवरी भरायला घेतली.

२५ डिसेंबर, रात्री ८
दुपारी टीव्हीवर चित्रपट लागला. मी घसा साफ केला. ते खालचं मराठी लाव गो बाय, असे मेरी जीनाला म्हणाली. आवश्यकता नाही, असे मी सांगितले. तुमी जरा गप रावा, मना वाचू द्या, म्हणाली.
चष्मा लावून, ओठ हलवत वाचत होती. अक्षरे अवाजवी वेगाने जातात. चौथीत एवढा वेग लावलेला नव्हता.
मध्येच पडद्यावरील एक बाई पत्र हातात घेऊन रडू लागली. काय म्हणते ती, असे मी विचारले. केवळ मेरीची परीक्षा म्हणून. तिने सांगितले.
परीक्षा कसून घ्यावी, या हेतूने आणखी चौदा वेळा विचारले.