नाकावरचं गंध

३ ऑगस्ट, रविवार
आडी अठरा — तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशीची नदीपूजा. तिरुवैयारूच्या घाटावर ही गर्दी! वरलक्ष्मी आत्यानं दर वर्षासारखी देव्हाऱ्यातली मगर कावेरीत बुचकळली. मगर म्हणजे लांबट दगड — आप्पांनी, माझ्या वडिलांनी, भूगर्भ सर्वेच्या नोकरीत गोदावरीकडून आणलेला. आत्या गंगेचं वाहन म्हणून पूजते, दोन्ही डोळ्यांवर रोज गंधाचा लपका. आज तो थर सुटला. खाली दोन भोकं. आणि जरा मागं आणखी दोन! चार डोळ्यांची मगर?

५ ऑगस्ट
न्हाणीत दगडावर टाचा घासताना लख्ख सुचलं — मागचे डोळे, पुढचं नाक! गायत्रीबाई, वीस वर्षं झूऑलजी शिकवता की गवत उपटता? मगरीचं नाक जबड्याच्या टोकाला. डोळ्यांपाशी नाक — फायटोसॉर!! बावीस कोटी वर्षांपूर्वीचा, गोड्या पाण्यातला सरपटणारा प्राणी; आमचा दगड म्हणजे त्याची दगड झालेली कवटी. मगरीचा पूर्वजसुद्धा नाही, लांबची भावकी. ती निर्वंश झाली, आणि पुढं कधीतरी मगरींनी तोच लांब जबडा, तेच दबा धरणं नव्यानं कमावलं. नदी तीच विद्या दोनदा शिकवते! आनंदात सांबार करपवलं.

७ ऑगस्ट
श्रीकरला फोटो पाठवले होते — माझा जुना विद्यार्थी, चेन्नईत जीवाश्मांवर काम करतो. म्हणाला, "मॅडम, भोक दगड फुटूनही पडतं. जबड्याचं टोक कुठाय? तिथं नाक नाही हे दिसायला हवं. आणि दगड इकडं पाठवा."
टोक तुटलेलं! वर आत्या कडाडली, "देवाला पार्सल करतेस? मी मेल्यावर ने." मीही दार आपटलं.

८ ऑगस्ट
बोलत नाही आम्ही.

९ ऑगस्ट
राहवेना. आत्याला जवळ बसवून दाखवलं — तू डोळे म्हणतेस ते नाक आहे गं. "अय्यय्यो!" एवढंच. जेवली नाही. उगाच सांगितलं. म्हातारीचा देव मी मोडला.

१० ऑगस्ट
सकाळी मगर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. गंध नाही. "पन्नास वर्षं नाक बुजवलं गं त्याचं. ने चेन्नईला, नीट बघू देत." मग न्हाणीतला टाचा घासायचा दगड आणला — धुऊन, वर फूल वाहून! "दादानं दोन आणलेले. हा खरखरीत, म्हणून न्हाणीत ठेवला."
तुटल्या कडेला लावला. बसला!! टोकाला नाक नाही! दातांच्या खोबण्या आहेत — डावीकडच्या. उजवीकडच्या माझ्या टाचांनी खाल्ल्या.