बाबांशेजारचा खिळा

करंजाडे,
९ जानेवारी २०२५

ती. शर्मिलाताईस,
चंद्रशेखरचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर कॅमेऱ्याचं नाव काढलं की तू हसतेस आणि मी चिडतो, म्हणून लिहायला बसलो. पत्र मध्येच तोडता येत नाही. आईची तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, पण गॅलरीत बसून अख्ख्या सोसायटीवर लक्ष ठेवते. संघमित्रा मजेत आहे, सासू-सुनेचं छान जमतं.

मला मात्र चैन नाही. कळंबोलीला ऑफिसात लोखंडाच्या गाड्यांच्या पावत्या करतो आणि शेजारी मोबाइलवर मिडियम फॉरमॅटच्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ चालू. म्हणजे काय ते सांगतो. माझ्या कॅमेऱ्यात चित्र टिपणारा जो चौकोन असतो, सेन्सर, तो यात बराच मोठा असतो. केस न् केस येतो, सुरकुती न् सुरकुती येते, आणि फोटो भिंतीएवढा केला तरी फाटत नाही. आमच्या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या ग्रुपमधला निखिल म्हणतो, हौशी माणसाचं हे कामच नव्हे. वजनाला जड, फोकस सावकाश, उडता फ्लेमिंगो तर मिळायचाच नाही, आणि एकेक फाइल एवढी की लॅपटॉप मान टाकेल. दिनानाथ म्हणतो, हौसच करायची तर अर्धी कशाला? मी सकाळी निखिलच्या बाजूचा असतो, संध्याकाळपर्यंत दिनानाथचा होतो.

पण खरं कारण पक्षी नाहीत, ताई. खरं कारण बाबांचा फोटो. काकांच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून स्टुडिओवाल्याने त्यांचं तोंड कापून मोठं केलं आणि खाली कोट-टाय चढवला. बाबांनी जन्मात कोट घातला नाही. उजवा डोळा म्हणजे तर नुसता डाग. दरवर्षी स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला हार घालतो तो त्या डागाकडे बघत. बाबा आपल्याकडे कसे बघायचे, तेच मला आता आठवत नाही. आईचं असं होऊ द्यायचं नाही. तिचा एक फोटो, पूर्ण चेहऱ्याचा, ती असताना. उशीर झाला तर, या विचाराने घास गोड लागत नाही.

घेऊ का? लवकर कळव. तुझा लोभ माझ्या सगळ्या खुळांना पुरून उरला आहे, याही खुळाला पुरावा.

तुझा
चंदू


परभणी,
१८ जानेवारी

चि. चंदूस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मिळालं. हसले नाही. म्हणजे एकदाच हसले, लॅपटॉप मान टाकतो तिथे.

तुझ्या कपाटात आधीच तीन कॅमेरे झोपलेत. त्यांतला प्रत्येक घेताना तू असाच तळमळत होतास, हेही मला आठवतं. दर रविवारी पहाटे खाडीवर जाऊन आणलेले फ्लेमिंगो तू पाठवतोस, मी मोबाइलच्या काचेवर बोटाने मोठे करून बघते आणि छान म्हणते. तुझा आजवरचा सगळ्यांत मोठा छापलेला फोटो कुठला? सोसायटीच्या कॅलेंडरवरचा, मार्च महिन्याचा, खाली पाण्याच्या टँकरवाल्याची जाहिरात. आपल्यासारख्यांना तो कॅमेरा म्हणजे दोन माणसांच्या भाताला लग्नातलं पातेलं. पातेलं चांगलंच असतं, पण ते रोज घासणार कोण?

मात्र बाबांच्या डोळ्याचं वाचलं आणि मला पुढे वाचवेना. मलाही तो डाग दिसतो. मी तुला कधी बोलले नाही एवढंच. तेव्हा माझं म्हणणं असं की विकत घेऊ नकोस. भाड्याने आण, फोटो काढ, परत दे. आणि बाबा रे, आधी आईला विचार. तिला फोटो काढून घ्यायचा आहे की नाही, हे तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात कुठेच सापडलं नाही.

घाई करू नकोस असं लिहून उपयोग नाही, तरी लिहिते. तुझ्यावरची माया तशीच आहे, तुझे कान उपटण्याचा हक्कही तसाच.

तुझी ताई


करंजाडे,
४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

घोटाळा झाला आहे. आई माझ्याशी बोलत नाही.

वाशीहून कॅमेरा भाड्याने आणला. तिला विचारायचं राहिलं. म्हटलं, समोर कॅमेरा आला की बसेल. खिडकीजवळ खुर्ची ठेवली, मागे पांढरी चादर लावली, तिला विहारात जायची पांढरी साडी नेसायला सांगितली. हसू नको म्हटलं, कारण हसली की तिचे डोळे मिटतात. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवून तिच्या पापणीवर फोकस लावत होतो. तिची मान जरा कलली की फोकस जाई, की परत पहिल्यापासून. निखिल सावकाश म्हणाला होता, पण एवढं सावकाश मला माहीत नव्हतं. तासभर तरी गेला असेल. आई कुरकुर न करता बसली होती.

मग ती उठली आणि तिची नजर भिंतीवर गेली. त्याचं असं झालं, की आदल्या आठवड्यात सोसायटीत ड्रिलवाला आला होता. तो पुन्हा कधी सापडणार, म्हणून मी बाबांच्या फोटोशेजारी भोक पाडून खिळा बसवून घेतला होता. बाबांच्या फ्रेमच्या बरोबर उंचीवर. आईने खिळा पाहिला, अंगावरची साडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. आत जाऊन रोजचं लुगडं नेसली आणि संघमित्राला म्हणाली, की पोराला फार घाई झालेली दिसते. आता त्या खिळ्यावर तिने औषधांची पिशवी टांगली आहे. काल बॅगही भरली. परभणीला सोड, एवढाच निरोप आला, तोही संघमित्राकडून.

आणि फोटो, ताई! टीव्हीवर लावला तर संघमित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. कपाळावरचं गोंदण, पापणीचा एकेक केस. पण ते सोड. आई त्यात अशी काही बघते आहे, की मी तिला अशी बघताना कधी पाहिलीच नव्हती. तिला दाखवायची हिंमत होत नाही. कॅमेरा परत दिला, पण व्हिडिओ बघणं सुटलेलं नाही. एकदा वाटतं घेऊनच टाकावा, एकदा वाटतं सगळेच विकून मोकळं व्हावं. काय करू?

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस. या घरात सध्या तेवढाच आधार आहे.

तुझा
चंदू


परभणी,
११ फेब्रुवारी

चि. चंदूस,
आशीर्वाद, आणि थोडे धपाटे.

जित्या माणसासाठी बापाच्या हाराशेजारी खिळा ठोकतोस आणि वर विचारतोस, काय करू? तुझ्या मनात वाईट नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण आईने ते कुठून वाचायचं? तिला समोर बसवून, मोबाइल बाजूला ठेवून, काय आणि का ते सांग. बाबांच्या डोळ्याचंही सांग.

मी पुढच्या आठवड्यात तिला न्यायला येते. काही दिवस माझ्याकडे राहू दे. तू चुकलास म्हणून परका झालेला नाहीस, हे ध्यानात असू दे.

तुझी ताई


करंजाडे,
१६ फेब्रुवारी

(ताई, जयभीम. आईंनी सांगितलं तसंच लिहिते आहे, मला एक अक्षर बदलू देत नाहीत. – संघमित्रा)

शर्मिला माय,
तुह्या आईचा तुला जयभीम, लेकरांना गोड पापा.

मला न्यायला येऊ नको. बॅग म्या सोडली.

चंदूनं काल समदं सांगितलं. तुह्या बाबाच्या डोळ्याचं सांगताना रडला. एवढा मोठा बाप्या, लेकरावानी रडला. खिळा पाहून मला राग आलता, खोटं कामून बोलू? पन माय, म्या मरनाला भीत न्हाई. आज ना उद्या भिंतीवर जायाचंच हाय. खिळ्याचा राग दोन दिसात गेला. बॅग भरली ती दुसऱ्याच रागानं.

म्या हितं आल्यापासून पाहते. सकाळी उठतो, कामाला जातो. घरी आला की मोबाइल. जेवताना मोबाइल. म्या काई सांगितलं तर हां म्हनतो, पन मान वर करत न्हाई. सुनबाई बोलते, सोसायटीतल्या बाया बोलतात, मला काई कमी न्हाई. पन ज्याच्यासाठी गाव सोडून आले त्यो पाहत न्हाई.

अन् त्या दिशी त्यानं मला खुर्चीत बसवलं आन् माह्या तोंडाकडं पाहतच राह्यला. हालू नको म्हने, अन् पुन्हा पाहे. त्यो तान्हा व्हता तवा म्या असंच झोळीत वाकून त्याच्याकडं पाहत बसायची, काम पडून राह्यचं. मला आधी लाज वाटली. मंग लई बरं वाटलं, माय. वाटलं, ह्या मशिनीत काई बिघाड होवो अन् असंच चालू राहो. अन् दुसऱ्या दिशी मशीन परत गेलं, पोरगं पुन्हा मोबाइलात गेलं. तवा म्या बॅग भरली.

हे त्याला म्या सांगू शकत न्हाई, तू सांग. इकत घ्यायचं तर घे म्हनावं, न्हाई तर भाड्यानं आन. फोटू चांगला येवो का वाईट येवो. दर ऐतवारी म्या खुर्चीत बसंन, पांढरी साडी नेसून बसंन. त्याला एवढंच बजाव, माय, की फोकस लवकर लागू देऊ नको.

तुही आई
चांगुना