प्लास्टिकवर शिक्का बसत नाही

बाबा, तुमच्यासाठी एक निरोप आहे. ज्याने तो दिला त्याला मी "नक्की सांगते" म्हणाले होते आणि मग सांगायचं राहूनच गेलं. परवा लेक कॉलेजातून सुट्टीला घरी आली आणि फ्रिज उघडून उभ्या उभ्या म्हणाली, "ममा, डिड यू एव्हर टेल आजोबा?" निरोप मिळाला तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती, तरी तिच्या लक्षात आहे म्हटल्यावर मला लाज वाटली. तर आता सांगते. पण पहिल्यापासून सांगते, कारण अर्धवट भरलेला अर्ज तुम्ही ऑफिसात कधी टेबलावर घेतला नाहीत.

माझी दहावीची मार्कशीट आली तो दिवस. आई कढीला फोडणी देते आहे, मी धावत स्वयंपाकघरात जाते आणि ती हळदीच्या हातानेच मार्कशीट घेते. कोपऱ्यावर तिचा पिवळाधमक अंगठा उमटतो. तुम्ही दारातून पाहिलंत. आईला काही बोलायची तुमची छाती नव्हती, म्हणून बोललात मला. "काहून, पत्रावळ आहे का ही? ओरिजिनल आहे ते, ओरिजिनल! आपल्याला वाडवडिलांकडून शेत नाही मिळालं, पोरी. आपलं शेत म्हणजे हे कागद." माझ्या आजोबांनी जन्मभर अंगठाच उठवला, आपल्या घरात सही तुमच्यापासून सुरू झाली. कागदावर अंगठा दिसला की तुम्ही एवढे का भडकायचात, ते मला फार उशिरा कळलं. दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरवर बसवून तुम्ही मला सीताबर्डीला लॅमिनेशनच्या दुकानात नेलंत. यंत्राच्या एका बाजूने मार्कशीट आत गेली आणि दुसऱ्या बाजूने भाजलेल्या पापडासारखी गरम आणि कडक होऊन बाहेर आली, अंगठ्यासकट. तिथेच तुम्ही मला एक निळी फाइल घेऊन दिलीत. त्यानंतर मात्र तुमचा हात थांबेना. रेशनकार्ड, जन्मदाखले, विजेच्या मीटरची पावती, काही सुटलं नाही. आई म्हणाली, "आता मलाही घाला त्या मशिनीत, म्हणजे सुरकुत्या तरी पडणार नाहीत." तुम्ही हसला नाहीत. दोन ओरिजिनल असतील तर दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवायची, हा नियमही तुमचाच.

तुम्ही गेल्यावर मी अमेरिकेत आले, हे तुम्हाला माहीत नाही. ईडन प्रेरी नावाच्या गावात आम्ही राहतो, मिनियापोलिसच्या जवळ. इथे हिवाळ्यात नाकातले केसही गोठतात. आमचा ग्रीन कार्डचा अर्ज तेव्हा सरकारदरबारी पडून होता. तो मंजूर होईपर्यंत न विचारता देश सोडला की अर्जही सोडला असं धरतात. जायचंच असेल तर आधी परवानगीचा कागद काढायचा आणि परत येताना तो विमानतळावर दाखवायचा, मग ते त्यावर शिक्का मारून आत घेतात. मी जुना व्हिसा सोडून वर्क परमिटवर नव्या नोकरीत लागले होते, म्हणजे परत यायला मला तेवढं एकच दार होतं. नवऱ्याचा अर्जही माझ्याच अर्जाला जोडलेला. आणि नेमकं माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. इथल्या एक काकू म्हणाल्या, "कशाला रिस्क घेतेस? सीडी मागव लग्नाची." पण आई फोनवर म्हणाली, "तुझ्या बाबांच्या जागी कोणाला उभं करू मग?" मी माझं आणि इथेच जन्मलेल्या लेकीचं तिकीट काढलं.

परवानगीचा कागद आला. साधा पातळ कागद, त्यावर माझा फोटो, आणि ओरिजिनल दोन. बाबा, तो हातात धरला आणि मला आईचा पिवळा अंगठाच दिसायला लागला. एवढ्या लांबच्या प्रवासात, लग्नघरात, लहान पोरीसोबत हा कागद टिकणार कसा? मी सरळ दुकानात गेले आणि एक लॅमिनेट करून आणला. दुसरा न्यायला निघाले तर नवऱ्याने हातातून काढून घेतला. "यार, एक तरी राहू दे तसाच! तुझं काय, उद्या मलाही लॅमिनेट करशील." तो नागडा कागद मी मोठ्या नाखुशीने बॅगेच्या तळाशी साड्यांत ठेवला. प्लास्टिकमधला मात्र पर्समध्ये, पासपोर्टला लागून.

लग्न छान झालं. पांढरी साडी नेसून मी तुमच्या जागी उभी राहिले, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हणताना माझा आवाज फाटला आणि धाकट्याने हळूच कोपराने ढोसलं. परत निघताना मुंबईच्या काउंटरवरची मुलगी तो कागद उलटसुलट बघून म्हणाली, "वा मॅडम, काय मस्त ठेवलाय!" मी फुगले. तुम्ही असतात तर तुम्हीही फुगला असतात.

मिनियापोलिसला मला वेगळ्या खोलीत बसवलं. ऑफिसर वयस्क होता, तुमच्यासारखाच चष्मा नाकावर उतरलेला. त्याने कागद घेतला, नखाने कोपरा खरवडला, शिक्का उचलून मारला आणि बोट फिरवलं. शाई पुसली गेली. पुन्हा मारला, पुन्हा पुसली गेली. "मॅम, आय कान्ट स्टॅम्प धिस," तो म्हणाला. बाहेर आम्हाला घ्यायला आलेला नवरा वाट बघत उभा, माझ्या मांडीवर पोरगी, आणि दोघांचे अर्ज त्या प्लास्टिकमध्ये अडकलेले. माझ्या हाताने मी आमचं दार चिकटवून टाकलं होतं. "हू डिड धिस?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "माय फादर."

तेवढ्यात मला तुमच्या दोन पिशव्या आठवल्या. दुसरी प्रत बॅगेत आहे म्हटल्यावर ऑफिसर आमच्यासोबत सामानाच्या पट्ट्यापर्यंत आला. बॅग उघडली ती त्याच्यासमोरच. सांडगे, शेवया, तीन किलो तिखट, दहा पदरी गुंडाळलेली लोणच्याची बरणी. एवढ्या पदरांतूनही तेल आलंच होतं. साडीच्या घडीतून मी कागद काढला तर त्याच्या कोपऱ्यावर हा एवढा पिवळा डाग. मला तर आईच दिसली! ऑफिसरने तो डाग नाकाजवळ नेला, हुंगला आणि चक्क हसला. त्याच्या टेबलापाशी परत जाऊन त्याने शिक्का मारला. ठसठशीत उमटला. मला रडू फुटलं, ते बघून पोरगीही रडायला लागली.

मग पासपोर्ट परत देताना त्याने तुमच्यासाठी निरोप दिला. "टेल युअर फादर, स्टेन्स आर ओके. नो प्लास्टिक." मी म्हणाले, "येस सर, आय विल टेल हिम." दारातून बाहेर पडताना लेकीने माझा हात ओढला. "ममा, बट हाऊ विल यू टेल हिम?"

पुढे ग्रीन कार्ड आलं. ते प्लास्टिकचंच येतं, बाबा. तुमच्यासाठी त्यांनी काही कामच ठेवलेलं नव्हतं.

तर निरोप असा, की डाग चालतो, प्लास्टिक चालत नाही. मार्कशीटवरचा आईचा अंगठाही चालला असता, उगाच रागावलात. हे पत्र तुम्ही घेऊन दिलेल्या निळ्या फाइलीत ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार?

आणि एक कबुली द्यायची आहे. तुम्हाला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती, तो कागद तुम्ही पाहिलाही नव्हता, तरी मी तुमच्यावर ढकललं. घाबरून तोंडातून गेलं हे खरं. पण नंतर तो माणूस "तुझ्या वडिलांना सांग" म्हणाला, तेव्हा ते नाहीत एवढं सांगायला मला पुष्कळ वेळ होता. तुम्ही नागपुरात आहात आणि घरी पोचल्यावर मी फोन करून तुम्हाला रागावणार आहे, असं त्याला वाटत होतं. मी त्याला तसंच वाटू दिलं.